आपत्तीत हाक कोणाला मारायची? गावापासून दिल्लीपर्यंतच्या जबाबदाऱ्यांची वाटणी

पुराचं पाणी चावडीच्या पायरीला लागलं की गावात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘सरकार काय करतंय?’ आणि दुसरं, ‘कलेक्टरला फोन लावा.’ दुसऱ्या वाक्यात शहाणपण आहे, कारण आपल्या कायद्याने आपत्तीच्या काळातली सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती दिली आहेत. पण फोन थेट त्यांना लावून भागत नाही. ‘सरकार’ म्हणजे त्या क्षणी नेमकं कोण, हे ठाऊक नसेल तर पहिले दोन तास भलत्याच दारांवर जातात, आणि बुडणाऱ्याला, दबलेल्याला तेच दोन तास हवे असतात.

पहिल्यांदाच ग्रामपंचायतीत निवडून आलेले सदस्य, सोसायटीच्या कमिटीवर नव्याने आलेले, स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलेले तरुण, नव्या जिल्ह्यात राहायला गेलेलं कुटुंब, अशांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत.

आधी एवढं समजून घ्या

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्याची आणि समवर्ती (म्हणजे दोघांची सामाईक) अशा तीन याद्या आहेत. ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा विषय त्यांतल्या एकाही यादीत नाही. पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य राज्याकडे, देशाचं संरक्षण केंद्राकडे, आणि अग्निशमन बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवायच्या विषयांत. २००२ पर्यंत केंद्रात हे काम कृषी मंत्रालय बघत असे, कारण आपत्ती म्हणजे दुष्काळ हेच समीकरण डोक्यात होतं. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप, २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, एवढं सोसल्यावर २००५ च्या डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. संसदेने तो समवर्ती यादीतल्या ‘सामाजिक सुरक्षा’ या नोंदीचा आधार घेऊन केला. महाराष्ट्र त्याआधीच, १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, या कामाला लागला होता.

या कायद्याने तीन प्राधिकरणं उभी केली. राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणाचे मुख्यमंत्री आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. जिल्हा परिषदेचे अध्यक्ष तिथे सहअध्यक्ष असतात. वरची दोन प्राधिकरणं मुख्यतः धोरण, आराखडे आणि निधी बघतात. त्यांच्या हाताखाली केंद्रीय गृहसचिवांची राष्ट्रीय कार्यकारी समिती आणि मुख्य सचिवांची राज्य कार्यकारी समिती असते. प्रत्यक्ष हुकूम सुटतो तो जिल्ह्यातून. दिल्लीहून पथक आलं तरी ते जिल्हा प्रशासनाच्या मदतीला येतं, जिल्ह्याच्या जागी बसायला येत नाही. हे एकदा मनात पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं जातं.

सरकारी आराखड्यांत आपत्तीच्या पातळ्याही ठरलेल्या आहेत. जिल्ह्याला आपल्या बळावर पेलता येईल ती पहिली पातळी, राज्याची मदत लागेल ती दुसरी, केंद्राला उतरावं लागेल ती तिसरी. पातळी वाढली म्हणून खालच्याची जबाबदारी संपत नाही, हे मुद्दाम सांगतो. तिसऱ्या पातळीच्या आपत्तीतही गावातल्या विहिरीत टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करायची) टाकायची ती ग्रामपंचायतीनेच.

पायरी १ : आपण कोणाच्या हद्दीत आहोत ते शोधा

गावात राहत असाल तर साखळी अशी: ग्रामपंचायत, तहसीलदार, प्रांत (म्हणजे उपविभागीय अधिकारी), जिल्हाधिकारी. पोलीस पाटील, तलाठी आणि ग्रामसेवक ही गावातली तीन माणसं. २०२४ पासून तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. कागदावर नवी नावं दिसतील, लोकांच्या तोंडी जुनीच आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, शाळा आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात, म्हणून निवाऱ्यासाठी शाळा उघडायची वेळ आली की महसूल आणि जिल्हा परिषद दोघांना सोबत चालावं लागतं.

नगरपरिषदेच्या किंवा नगरपंचायतीच्या गावी मुख्याधिकारी, महापालिकेत आयुक्त. २०२५ च्या दुरुस्तीने राजधानीची शहरं आणि महापालिकांची शहरं यांच्यासाठी वेगळ्या शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी.

याच्या आत आणखी हद्दी असतात: कटक मंडळ (लष्करी छावणीचा भाग), रेल्वे, बंदर, एमआयडीसी, वनखातं. नवीन माणूस गोंधळतो तो इथे. साधं उदाहरण घ्या, वादळात रस्त्यावर झाड पडलंय. राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, गावाकडे जाणारा रस्ता असेल तर जिल्हा परिषद, शहरातली गल्ली असेल तर पालिका, आणि फांदी विजेच्या तारेवर असेल तर आधी महावितरणने वीज बंद करायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. एकच झाड, चार दारं. हे कोडं भर पावसात उभं राहून सोडवत बसू नका. नियंत्रण कक्षाला जागा सांगा. काम कोणाचं ते ठरवण्यासाठीच तो कक्ष आहे.

पायरी २ : आपल्या भागातले धोके लिहून काढा, आणि प्रत्येकापुढे खात्याचं नाव

वहीचं एक पान पुरतं. डावीकडे धोका, उजवीकडे खातं.

पूर असेल तर जलसंपदा विभाग. धरणातून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडणार ते हा विभाग सांगतो, नदीकाठची गावं हलवायचं काम महसूल करतं. नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. आपलं घर या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे पाटबंधाऱ्याच्या किंवा पालिकेच्या कचेरीत विचारता येतं. घर घेण्याआधी विचारावं, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

नदी दोन राज्यांतून वाहत असेल तर गोष्ट जिल्ह्याच्या हाताबाहेर जाते. कृष्णेच्या वरच्या अंगाला कोयना, खाली कर्नाटकात अलमट्टी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पाणी चढलं तेव्हा कोणतं धरण किती सोडतंय हा दोन राज्यांमधला प्रश्न झाला होता. अशा वेळी दोन्हीकडच्या जलसंपदा खात्यांनी रोज बोलत राहायचं असतं, पाणीपातळीचे अंदाज केंद्रीय जल आयोग देतं, आणि सांगलीचे जिल्हाधिकारी त्या आकड्यांवरून कोणती गल्ली रिकामी करायची ते ठरवतात. तिन्ही सरकारं एकाच नदीवर, पण प्रत्येकाचं काम वेगळं.

बाकीच्यांचं थोडक्यात. दरडींचा अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं. त्सुनामीचा इशारा हैदराबादच्या केंद्रातून येतो. साथीचा रोग आला तर केंद्रात आरोग्य मंत्रालय, दुष्काळ आणि गारपीट असेल तर कृषी मंत्रालय, अणुकेंद्रातली घटना असेल तर अणुऊर्जा विभाग पुढे असतो. कारखान्यातून वायुगळती झाली तर पहिली जबाबदारी कारखान्याच्या मालकाची. त्याच्याकडे स्वतःचा आराखडा असावाच लागतो.

पायरी ३ : आराखडा मागा, आणि तो वाचा

प्रत्येक जिल्ह्याने आपत्ती व्यवस्थापन आराखडा करायचा आणि दरवर्षी तो नव्याने तपासायचा, असं कायदा सांगतो. बहुतेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळावर तो असतो. तालुक्याचा तहसील कचेरीत, गावाचा ग्रामपंचायतीत. कायद्याच्या कलम ४१ नुसार स्थानिक संस्थेने आपली माणसं प्रशिक्षित आणि साधनं तयार ठेवायची असतात. म्हणजे ‘आमच्याकडे काही नाही, वरून येईल’ हे उत्तर ग्रामपंचायतीला देता येत नाही.

एका नदीकाठच्या गावात मी अशी फाइल उघडून पाहिली होती. ‘पट्टीचे पोहणारे’ या पानावर अकरा नावं. सोबतच्या पोलीस पाटलांनी बोट ठेवत ठेवत वाचली. चौघं पुण्याला कामाला गेलेले, एक वारलेला, दोघांचे नंबर बंद. उरले चार, त्यांतल्या एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्याच फाइलमध्ये लाइफ जॅकेट दहा असं लिहिलं होतं. खोली उघडली तर सहा निघाली, त्यांतल्या दोन जॅकेटांचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले. फाइलवर सही, शिक्का, तारीख सगळं व्यवस्थित होतं. त्या दिवसापासून मी आराखडा वाचताना आकडे सोडून नावं वाचतो, आणि निदान दोन नंबर लावून बघतो. तुम्हीही तेच करा.

बघायच्या मुख्य गोष्टी: पाणी चढल्यावर कुठे जायचं ती जागा आणि तिची किल्ली कोणाकडे, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि दिवस भरत आलेल्या बाया यांची यादी, होडी व तिचा चालक, जनरेटर, टीसीएलचा साठा, जनावरं हलवायची जागा. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. जनावरांची सोय दिसल्याशिवाय शेतकरी घर सोडत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही.

पायरी ४ : फोन कुठे, कसा

जीव धोक्यात असेल तर ११२. आग असेल तर १०१, रुग्णवाहिका १०८. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा १०७०, मुंबईत पालिकेचा १९१६. मोबाइलवरून १०७७ भलत्या जिल्ह्यात लागू शकतो, म्हणून आपल्या जिल्ह्याच्या कक्षाचा पूर्ण नंबरही लिहून ठेवा.

तहसीलच्या नियंत्रण कक्षात एक लांबट रजिस्टर असतं. वेळ, फोन करणाऱ्याचं नाव, गाव, निरोप, पुढे कोणाला कळवलं, सही. फोनवर बोलताना या रकान्यांच्या क्रमाने बोललात तर उचलणाऱ्याला लिहिता येतं. ‘इथे लय पाणी आलंय, लवकर या’ हे रजिस्टरमध्ये लिहून काही हलत नाही. ‘मारुती मंदिरामागच्या वस्तीत सात घरं, साधारण तीस माणसं, त्यांत दोन म्हातारी चालू शकत नाहीत, पाणी गुडघ्याच्या वर, रस्ता पुलाच्या बाजूने बंद’ असं सांगितलं की होडी किती मोठी आणि कोणत्या बाजूने पाठवायची ते तिथल्या तिथे ठरतं. फोन ठेवण्याआधी नोंद किती वाजता झाली ते विचारा आणि घेणाऱ्याचं नाव लिहून घ्या.

ऐकीव गोष्ट पुढे ढकलू नका. ‘धरण फुटलं’ असा खोटा निरोप पसरवणाऱ्याला कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि अशा निरोपाने धावणारी माणसं खरोखर मरतात.

पायरी ५ : जिल्हाधिकारी काय काय करू शकतात ते जाणून घ्या

आपत्तीच्या काळात कलम ३४ नुसार जिल्हा प्राधिकरण रस्ता बंद करू शकतं, धोक्याच्या भागात जायला मनाई करू शकतं, लोकांना हलवणं, ढिगारा उपसणं, निवारा-अन्न-पाणी-औषध पुरवणं, सगळं त्यात येतं. कलम ६५ खाली खाजगी वाहनं, इमारती, साधनं ताब्यात घेता येतात. त्याचा मोबदला कलम ६६ नुसार द्यावा लागतो. तातडीची खरेदी निविदेशिवाय करता येते. तुमचा जेसीबी किंवा मंगल कार्यालय मागितलं तर तो कायदेशीर अधिकार आहे, आणि ताबा घेतल्याचा लेखी कागद मागणं हा तुमचा हक्क. सबळ कारण नसताना आदेश धुडकावला किंवा कामात अडथळा आणला तर कलम ५१ खाली शिक्षा आहे.

शाळांना सुट्टी हाही याच अधिकारांतला निर्णय. हवामान खातं फक्त इशारा देतं: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. त्यावर सुट्टी द्यायची की नाही ते स्थानिक प्रशासन ठरवतं. विजांसाठी ‘दामिनी’ आणि सगळ्या इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ ही सरकारी ॲप फोनमध्ये ठेवा.

पायरी ६ : वरची मदत कशी येते

एनडीआरएफला, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला, गावातून फोन करून बोलावता येत नाही. तहसीलदार जिल्ह्याला कळवतात, जिल्हाधिकारी मंत्रालयातल्या राज्य नियंत्रण कक्षाकडे मागणी करतात, तिथून पथक निघतं. एनडीआरएफ हे केंद्राचं दल, सोळा बटालियनचं. आपल्यासाठीची पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगाव भागात आहे. राज्याचं स्वतःचं दल धुळे आणि नागपूर इथे. पावसाळ्यात काही तुकड्या धोक्याच्या जिल्ह्यांत आधीच नेऊन ठेवतात. सैन्याची मदतही जिल्हा किंवा राज्य प्रशासनाच्या मागणीवरूनच मिळते.

यात वेळ जातोच. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. ही बातमी बाहेर पोचवली ती त्या रस्त्याने एसटी घेऊन गेलेल्या चालकाने; गाव जागेवर दिसेना म्हणून त्याने कळवलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. यंत्रणा कितीही मोठी असो, तिची सुरुवात रस्त्यावरच्या एखाद्या माणसाने दिलेल्या निरोपापासून होते, आणि पहिलं फावडं शेजारच्या गावचं असतं. म्हणून पायरी ३ मधली ती पोहणाऱ्यांची यादी मला दिल्लीतल्या कोणत्याही बैठकीइतकीच महत्त्वाची वाटते.

पायरी ७ : नागरी संरक्षण वेगळं, तेही ओळखा

नागरी संरक्षण दलाचा कायदा १९६८ चा, मूळ हेतू शत्रूच्या हल्ल्यात नागरिकांचं रक्षण. पुढे दुरुस्ती होऊन आपत्तीचं कामही त्यात आलं. वाटणी अशी की कायदा आणि धोरण केंद्राचं, दल उभं करणं राज्याचं, आणि जिल्ह्यात नियंत्रक म्हणून पुन्हा जिल्हाधिकारीच. वॉर्डन आणि बाकीचे बहुतेक स्वयंसेवक. हे दल सगळ्या जिल्ह्यांत नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, उरण, तारापूर अशी महत्त्वाची ठिकाणं आणि कोकणकिनारा यांवर त्याचा भर आहे. ७ मे २०२५ ला देशभर झालेल्या सरावात अनेकांनी भोंगा पहिल्यांदा ऐकला. वरखाली होणारा आवाज म्हणजे धोका, आडोशाला जा. एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. एवढं घरातल्या पोरांनाही शिकवा.

पायरी ८ : पाणी ओसरल्यावर पंचनामा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा सविस्तर. मदतीचा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५ टक्के. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ९० टक्के. हा निधी पुरला नाही तर राष्ट्रीय निधीची मागणी होते आणि केंद्राचं पथक पाहणीला येतं.

मदत मिळण्यासाठी घटना यादीत बसावी लागते. केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमकडा कोसळणं, ढगफुटी, टोळधाडीसारखा कीडहल्ला आणि कडाक्याची थंडी अशा बारा आपत्ती. महाराष्ट्राने त्यात अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणं, समुद्राचं उधाण आणि आकस्मिक आग यांची भर घातली. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. तुमच्या शिवारात ढग फुटला पण मंडळाच्या पर्जन्यमापकात कमी भरला, तर वाद होतो. अशा वेळी गप्प न बसता तहसीलदारांकडे प्रत्यक्ष पाहणीचा लेखी अर्ज द्या. पिकासाठी नुकसान निदान ३३ टक्के असावं लागतं. मृत्यू झाला तर वारसांना निकषाप्रमाणे ४ लाख रुपये.

पंचनामा शेतात तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात, मेलेल्या जनावराचा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत. तोवर काय करायचं? फोटो काढा, त्यात घर किंवा बांध ओळखू येईल असं काहीतरी असू द्या. सातबारा, आधार, बँक पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. जनावर पुरण्याआधी कळवा, कानातल्या बिल्ल्यासकट फोटो घ्या. अपघाती मृत्यूत शवविच्छेदन नाकारू नका. दुःखात ते नकोसं होतं, पण तो कागद नसला की कुटुंबाची मदत अडते. पंचनाम्यावर सही करण्याआधी क्षेत्र आणि गट नंबर स्वतः वाचा, आणि नुकसानग्रस्तांची यादी चावडीवर लागली की त्याच दिवशी बघा. नाव नसेल तर हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. पीकविमा वेगळा, त्याची तक्रार वेगळी. एकाने दुसरं आपोआप मिळत नाही.

पायरी ९ : सुरुवात कधी करायची

जिल्ह्यात मान्सूनपूर्व बैठका एप्रिल-मे महिन्यांत होतात आणि १ जूनपासून नियंत्रण कक्ष चोवीस तास चालतात. गावासाठी सोयीचा दिवस १ मे, कारण त्या दिवशी ग्रामसभा असतेच. आठ दिवस आधी ग्रामपंचायतीला एका ओळीचा अर्ज द्या: ‘गावचा आपत्ती आराखडा सभेत वाचून दाखवावा.’ सभेत पोहणाऱ्यांची नावं वाचली जातील तेव्हा ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं. जितकी माणसं उभी राहतील तेवढीच त्या पावसाळ्यात धरायची, आणि कमी पडली तर तिथेच नवी नावं लिहून घ्यायची. मग सगळ्यांनी मिळून ती खोली उघडायची आणि लाइफ जॅकेट मोजायची.